पंपाच्या रिंगा आणि थेंबभर अक्कल

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. गावाचं नाव खडकझिरे. माणसाचं नाव लहानू. माणूस अंगाने दांडगा, दारातून वाकून आत येणारा. पण आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा तो लहान होता, आणि नंतर कुणी ते बदललं नाही. हा माणूस म्हणजे मीच. मी भोळा आहे असं मला स्वतःला कधी वाटलेलं नाही. पण सगळ्या गावाचं त्यावर एकमत आहे, आणि आमच्या गावाचं दुसऱ्या कशावरही एकमत होत नाही. तेव्हा ते खरंच असणार.

आमच्या गावाच्या नावात झिरा आहे, गावात नाही. पाणी खाली नदीला. बायका घागरी घेऊन टेकडी उतरायच्या आणि भरल्या घागरी घेऊन चढायच्या. माझी बायको चांगुणा म्हणायची, "माझी निम्मी हयात या टेकडीवर गेली. उरलेली निम्मी तुम्हाला समजावण्यात."

शेवटी सरपंच मुरलीधर खताळांनी मनावर घेतलं. टेकडीवर चार दगडी खांबांवर लोखंडी टाकी उभी राहिली. नदीकाठी पंप बसला. पंप जुना होता, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधून आणलेला. तेलाचं इंजिन धडधडायचं आणि पंपाचा पोलादी दांडा आत-बाहेर, आत-बाहेर करायचा. त्याने पाणी वर टाकीत ढकलायचं, असं ठरलं होतं. दांड्याला ते कुणी सांगितलं नसावं. दांडा जिथून पंपाच्या पोटात शिरायचा तिथे भोवताली फट होती. ती फट बुजवणाऱ्या पॅकिंगच्या जुन्या रिंगा पार कुजलेल्या. पंप चालू केला की फटीतून पिचकारी उडायची. इंजिनवाल्याची अंघोळ व्हायची आणि टाकी कोरडी राहायची. सरपंचांनी फटीत आपलं जुनं धोतर कोंबून बघितलं. पंपाने त्याच्या चिंध्या करून परत दिल्या.

इकडे उद्घाटन ठरून बसलं होतं. शहरातून मोठे साहेब येणार होते. तोवर टाकी भरली नाही तर पंप भंगारात जाणार आणि बायका पुन्हा टेकडीवर.

मग शेजारच्या गावचे रखमाजी मिस्त्री आले. पंचक्रोशीत पॅकिंगच्या रिंगा बनवाव्यात तर त्यांनीच. त्यांनी पंपाभोवती एक चक्कर मारली, फटीत बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "रिंगा मी बनवतो. तुमची नातवंडं पाणी पितील अशा बनवतो. फक्त हाताखाली एक माणूस द्या. हुशार नको. हुशार माणूस मधेच आपली अक्कल लावतो. मी सांगेन तेवढंच करणारा द्या."

सगळ्या गावाने माझ्याकडे बघितलं. माझी छाती फुगली.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मला काम समजावलं. "हे बघ लहानू. दांडा तर हलला पाहिजे, आणि पाणी तर बाहेर आलं नाही पाहिजे. म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि कुत्रं घरात शिरू द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. पंपघराचं दार उघडं ठेवलं आणि काठी घेऊन उंबऱ्यात बसलो.

दुपारी मिस्त्री म्हणाले, "तू काय करतोयस तिथे?"

"अजून एकही आलं नाही," मी म्हणालो.

मिस्त्रींनी डोळे मिटले. नंतर मला कळलं की ते असे अधूनमधून डोळे मिटतात. आधी ही सवय त्यांना नव्हती म्हणे.

मग खरं काम सुरू झालं. सुताच्या धाग्यांची चौकोनी वेणी विणायची. बायका केसांची घालतात तशी, पण घट्ट, इतकी घट्ट की नख शिरू नये. वेणी विणणं मला छान जमलं. मिस्त्री खूश झाले. सुरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता दांड्याचं माप घे आणि त्या मापाची रिंग काप."

मी दांड्याचं माप घेतलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढी वेणी कापली, टोकं जुळवली. रिंग मिस्त्रींच्या हातात दिली. त्यांनी ती उचलून धरली. ती त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मग त्यांनी ती गळ्यात घातली.

"माझा सत्कार आहे का आज?"

"नाही मिस्त्री. माप घेतलं."

"अरे, लांबी नाही, घेर! घेर बघायचा! दोरी भोवती गुंडाळायची, एक वेढा द्यायचा, आणि तेवढंच माप. माप म्हटलं की दोरी भोवती गुंडाळायची. डोक्यात बसलं?"

"माप म्हटलं की?"

"माप म्हटलं की!"

डोक्यात पक्कं बसलं. त्याच संध्याकाळी सरपंच भेटले. म्हणाले, "लहानू, टाकीवर चढायला शिडी करायची आहे. टाकीचं माप घे आणि सुताराला नेऊन दे." मी लगेच निघालो. टाकीच्या खांबांभोवती दोरी गुंडाळली, एक पूर्ण वेढा. टाकी उंचीला बेताची पण घेराला ऐसपैस होती. सुतार दोरी बघून म्हणाला, "एवढी? वर देवाला भेटायला जायचंय का?"

"माप आहे," मी म्हणालो. मापापुढे सुतार काय बोलणार.

शिडी आणायला माणसं लागली, बैलगाडी लागली. उभी केली तेव्हा अर्धी टाकीला टेकली आणि अर्धी आभाळाला. सरपंच खालून वर बघत राहिले. बघता बघता त्यांची टोपी मागे पडली.

"अरे बाबा, टाकीत उतरायचंय की ढगात?"

"घेर घेतला सरपंच. लांबी घ्यायची नसते."

सुताराने करवत चालवली. एका टाकीला दोन शिड्या झाल्या. आसपासच्या गावांत एका टाकीला दोन शिड्या कुणाकडेही नव्हत्या. पण याबद्दल कुणी मला चांगलं म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः वेणी दांड्यावर गुंडाळून दाखवली आणि सुरीने तिरका छेद दिला. रिंगा सुटून हातात आल्या, एकसारख्या. तिरका छेद दिला की टोकं एकमेकांवर नीट बसतात. मी पण कापल्या. त्याही नीट आल्या. मिस्त्री म्हणाले, "बघ, हात चांगला आहे तुझा." त्यांनी फक्त हाताचं नाव घेतलं, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही.

मग त्यांनी एका पातेल्यात एरंडेल ओतलं. त्यात ग्राफाइटची काळी भुकटी कालवली. डांबरासारखा दाट, चकचकीत काला झाला. रिंगा त्यात बुडवल्या.

"हे का?" मी विचारलं.

"कोरडी रिंग दांड्याला घासते, तापते, मोडते. मुरलेली रिंग गुळगुळीत राहते, टिकते. एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेव लहानू. वर्षानुवर्षं टिकायचं असेल तर ते एरंडेलात मुरलं पाहिजे."

असं कुणी मला आयुष्यभर लक्षात ठेवायला सांगितलं की मी ठेवतोच.

मी घरी आलो. चांगुणाने त्या दिवशी उडदाचे पापड लाटून वाळवले होते. शेजारच्या बायका जमवून, दिवसभर राबून केलेले. म्हणाली, "मी नदीवर जाऊन येते. एवढे पापड नीट डब्यात भरा. वर्षभर टिकले पाहिजेत हं."

वर्षभर. मी म्हटलं, बरं झालं आपल्याला आजच शिकवलं. पंपघरात जाऊन रिंगांसकट पातेलं घेऊन आलो. एकेक पापड बुडवला, दोन्ही बाजूंनी निथळला आणि डब्यात रचला. चांगुणा आली. तिने झाकण उघडलं. आत सगळं काळंकुट्ट, चकचकीत, तव्यासारखं. तिने एक पापड दोन बोटांत धरून वर काढला. तो वाकला, पण मोडला नाही.

"हे काय आहे?"

"बघ, मोडत नाही!" मी आनंदाने म्हणालो.

तिला पटावं म्हणून मी एक पापड खाऊन दाखवला. एरंडेलाबद्दल जे तुम्हाला माहीत आहे ते मला तेव्हा आठवलं नाही. पापड टिकला, मी टिकलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी नदीकाठच्या झुडपांतच होतो.

पण एक सांगतो, ते पापड अजूनही आहेत. डब्यात तसेच. कुणी खात नाही म्हणून, पण टिकलेत.

त्या संध्याकाळी मी चांगुणाला विचारलं, "मी मूर्ख आहे का गं?"

तिने थोडा विचार केला. मला वाटलं, लगेच 'नाही' म्हणेल. "मूर्ख नाही तुम्ही," ती म्हणाली. "सांगितलेलं सगळं करता. त्रास तोच आहे." मग माझ्या पुढ्यात पेज ठेवली आणि म्हणाली, "पण पंप चालू करा बाई एकदाचा. मग पापडाचं नाव मी काढणार नाही."

तिच्या खांद्यावर घागरीचा घट्टा पडलेला होता. तो मी रोज बघायचो. त्या दिवशी जरा जास्त वेळ बघितला. म्हटलं, आता मिस्त्री सांगतील त्यातला एक शब्दही खाली पडू द्यायचा नाही.

रिंगा मुरल्या. बसवायचा दिवस आला. दांड्याभोवती एक पेटी असते. तिच्यात एकामागे एक रिंगा सारायच्या. मी पहिली सारली, दुसरी सारली. मिस्त्री ओरडले, "थांब! तोंडं बघ!"

"कुणाची?"

"रिंगेची! रिंगेची दोन टोकं जिथे मिळतात ते तिचं तोंड. सगळ्यांची तोंडं एका बाजूला आली तर पाण्याला सरळ वाट मिळते. एकीचं तोंड इकडे केलं की पुढचीचं तिकडे. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. ओळीने बसवायचं म्हटलं की एक सुलटं, एक उलटं. मग मधून पाणी जात नाही."

मी पाठ केलं. एक सुलटं, एक उलटं, मधून पाणी जात नाही.

नेमकं त्याच दिवशी सरपंचांच्या नातवाचं बारसं होतं. गावजेवण. अंगणात पानं मांडली होती. माणसं कोपऱ्याकोपऱ्यात गप्पा मारत उभी. सरपंच घाईघाईने म्हणाले, "लहानू, तू मोठा दिसतोस, तुझं ऐकतील. सगळ्यांना ओळीने बसव पटकन."

ओळीने. मी पहिल्याला पानाकडे तोंड करून बसवलं. दुसऱ्याला खांदे धरून फिरवलं आणि पानाकडे पाठ करून बसवलं. तिसरा सुलटा, चौथा उलटा. माझा हात दांडगा आहे, त्यामुळे कुणी फार वाद घातला नाही. म्हातारे गेणू आबा तेवढे मान वळवून म्हणाले, "अरे, माझं पान कुठंय?"

"तुमच्या मागं आबा."

"मग मी जेवू कसा?"

"ते मला नाही सांगितलं. बसवायचं कसं तेवढं सांगितलंय."

वाढपी वरण घेऊन आला. मान खाली घालून भराभर वाढत निघाला. एकाला वरण पानात, दुसऱ्याला पाठीवर, तिसऱ्याला पानात. चौथा किंचाळला. मग उलटे बसलेले सगळे एकदम फिरायला लागले. सुलट्यांच्या मांड्यांवर उलट्यांचे गुडघे आले, भाताचे ढीग सरकले, आणि पाण्याचा जग घेऊन आलेला पोरगा ओळीत शिरायची जागा शोधत तसाच उभा राहिला.

सरपंच धावत आले. "हे काय केलंस रे?"

"बघा सरपंच," मी त्या पोराकडे बोट दाखवलं. "मधून पाणी जात नाही."

मला त्या दिवशी जेवायला मिळालं नाही. चांगुणाने पदराखालून एक लाडू आणला. तो मात्र साजूक तुपाचा होता, तपासून घेतला.

आता रिंगा पेटीत बसल्या होत्या, बरोबर, एक सुलटी एक उलटी. तिथे तेच बरोबर होतं. रिंगांवर ग्लँड बसवायची. ग्लँड म्हणजे एक लोखंडी टोपी, ती रिंगांना दाबून धरते. तिला दोन बाजूंना दोन नट. मिस्त्री म्हणाले, "नट आवळताना घाई नाही. या बाजूला अर्धा फेरा, मग त्या बाजूला अर्धा फेरा. एकच आवळलास तर टोपी तिरकी होईल, दांडा खरडेल. जितके नट असतील तितके सगळे सारखे. एकाला दिलं ते दुसऱ्याला दिलंच पाहिजे."

"म्हणजे पोरांना खाऊ देतो तसं."

"तसंच!" मिस्त्रींना इतका आनंद झाला की ते उठून पाना आणायला निघाले. आणि पातेलं परत आणताना मी सांडलेल्या एरंडेलावर त्यांचा पाय पडला. पाय गेला पंपाकडे, मिस्त्री गेले दाराकडे. डावा घोटा मुरगळला.

"आई गं! लहानू, पट्टी बांध. चांगली आवळून बांध."

मी धोतराचा काठ फाडला. डाव्या घोट्याला एक वेढा आवळला. मग उजव्या घोट्याला एक वेढा आवळला. पुन्हा डाव्याला, पुन्हा उजव्याला. मिस्त्रींचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांना आधी कळलं नाही. पट्टी एकच होती, त्यामुळे ती या पायाकडून त्या पायाकडे जात होती.

"झालं," मी म्हणालो. "दोन्ही सारखे."

मिस्त्री उठले. एक पाऊल टाकायला गेले. दोन्ही पाय बरोबर आले. ते उभ्याने आडवे झाले आणि या वेळी उजवा घोटा मुरगळला. आता दोन्ही खरोखर सारखे होते.

त्यांना बाजेवर घालून आमच्या घरी आणलं. चांगुणाने आंबेहळदीचा लेप दिला. मिस्त्री ओसरीवर पडून छपराकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुम्ही या माणसाबरोबर किती वर्षं काढलीत?"

"मोजत नाही मिस्त्री," चांगुणा म्हणाली. "मोजलं की जास्त वाटतात."

उद्घाटन उद्यावर आलं होतं. मिस्त्रींना उठता येत नव्हतं. म्हणाले, "आता पंप तुझ्या हातात. जा, नट आवळ, सारखे, आणि पंप चालू कर. काही झालं तर पळत ये."

मी गेलो. एकटा. नट आवळले, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मग वाटलं, गावाच्या पाण्याचा प्रश्न आहे. म्हणून पान्यावर उभा राहून आवळले. इंजिन सुरू झालं. दांडा आत-बाहेर करायला लागला. फटीतून एक थेंबही नाही! मी नाचलो. नाचता नाचता बघतो तर दांड्यातून धूर.

पळत घरी आलो. "मिस्त्री, धूर!"

"गळतंय किती?"

"अजिबात नाही! एक थेंब नाही!"

मिस्त्री बाजेवर ताडकन बसले, दुखरे पाय विसरून. "अरे, म्हणूनच जळतंय! थोडं गळलंच पाहिजे! थेंब थेंब. त्या थेंबाने दांडा गार राहतो, रिंगा ओल्या राहतात, टिकतात. जा, सैल कर. दोन्ही नट सारखे, जरा जरा, थेंब दिसेपर्यंत. आणि हे कपाळावर कोरून ठेव. एकही थेंब गळत नसेल तर आनंद मानायचा नाही. समजायचं, आता जळणार!"

मी पळत गेलो. सैल केलं, सारखं, जरा जरा. फटीतून एक थेंब डोकावला. टपकला. मग दुसरा. धूर थांबला. दांडा लोण्यात सरकावा तसा सरकायला लागला. रिंगा माझ्या हातच्या होत्या. मी विणलेल्या, मी कापलेल्या, मी मुरवलेल्या. मी त्या थेंबांकडे बघत बसलो. आई पाळण्यातल्या बाळाकडे बघते ना, तसा. वरून कुणीतरी ओरडलं, "टाकीत आवाज येतोय!" बायका टेकडीकडे धावल्या, त्यांच्यामागे मी. दोन्ही शिड्यांवर चढून टाकीच्या पत्र्याला कान लावून उभ्या राहिल्या. आत पाणी पडत होतं. चांगुणाने पत्र्याला हात लावला आणि म्हणाली, "गार आहे." मला मिळालेलं तेवढंच बक्षीस, पण फार मोठं.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली. मी झोपलो तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो की चांगुणाने विचारलं, "बरं वाटत नाही का?"

उद्घाटनाचा दिवस. टाकीच्या खालच्या अंगाला मांडव. व्यासपीठावर साहेब, शेजारी फेटा बांधलेले सरपंच. समोर सगळं गाव, बायका रिकाम्या घागरी घेऊन. नळ अजून उघडलेला नव्हता, साहेब उघडणार होते. मिस्त्रींना बाजेसकट उचलून आणून पहिल्या रांगेत ठेवलं होतं. सरपंच म्हणाले होते, "लहानू, आज तू काहीही करायचं नाहीस. नुसता उभा राहा." म्हणून मी टाकीच्या खांबाजवळ नुसता उभा होतो.

साहेब उठले. भाषण करायला लागले. गाव, एकजूट, श्रमदान. मग टाकीकडे हात करून मोठ्या आवाजात म्हणाले, "बघा ही टाकी! काठोकाठ भरलेली आहे, आणि एक थेंबही गळत नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वर बघितलं. टाकीचा तळ कोरडा ठणठणीत. एक थेंबही नाही! आणि लोक आनंद मानतायत! मिस्त्रींकडे बघितलं तर तेही टाळ्या वाजवत होते. पाय दुखत असतील, लक्ष नसेल, असं मला वाटलं.

नुसतं उभं राहायला सांगितलं होतं हे मला आठवलं. पण गाव जळत असताना नुसतं कसं उभं राहायचं? मी कमरेचा पाना काढला. टाकीच्या तळाला गाळ काढायची एक मोठी लोखंडी झडप होती, भोवती बोल्ट. कापलेल्या शिडीचा तुकडा तिथेच पडला होता. तो लावून चढलो. पहिल्या बोल्टला अर्धा फेरा. थेंब नाही. पण एकच सैल करायचा नसतो. म्हणून सगळ्यांना अर्धा अर्धा. थेंब नाही. पुन्हा सगळ्यांना अर्धा अर्धा. साहेब म्हणत होते, "पाणी म्हणजे जीवन." पुन्हा सगळ्यांना. आणि तेव्हा, एका बाजूने, एक थेंब. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच थांबायचं होतं. पण शेवटच्या फेरीत काही बोल्ट राहिले होते, आणि एकाला दिलं ते दुसऱ्याला दिलंच पाहिजे. मी त्यांनाही दिलं.

झडप माझ्या कानाजवळून गेली. तिच्यामागून खडकझिऱ्याचं सगळं पाणी.

मला एवढंच आठवतंय की शिडी एकीकडे आणि मी एकीकडे. मांडव उठला आणि चालायला लागला. साहेब खुर्चीवर बसल्याबसल्या टेकडी उतरले, अगदी ताठ, हातात भाषणाचा कागद धरून. सरपंचांचा फेटा आधी ओला झाला, मग सुटला, मग त्याच्या टोकाला धरून सरपंच वाहत गेले. मिस्त्रींची बाज नावेसारखी तरंगली, दोन गटांगळ्या खाऊन लिंबाच्या बुंध्याला अडकली. बायका आधी किंचाळल्या. मग चांगुणाने पदर खोचला आणि वाहत्या पाण्यात घागर धरली. तिचं बघून सगळ्यांनी धरल्या. त्या दिवशी नळ न उघडता गावातल्या प्रत्येक घरात पाणी पोचलं. काही घरांत तर उंबरा ओलांडून आपणहून आत आलं.

मग सगळं शांत झालं. टाकीतून शेवटचं पाणी टपकत होतं. चिखलातून वाट काढत मी लिंबापाशी गेलो. मिस्त्री बाजेवर बसले होते. चष्म्याच्या एका काचेवर चिखल, डोक्यावर झेंडूची माळ. त्यांनी माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं.

"लहानू."

"काय मिस्त्री?"

"ते बोल्ट कुणी काढले?"

"काढले नाहीत मिस्त्री. सैल केले. सगळे सारखे."

"का रे बाबा?"

मी त्यांच्याजवळ वाकलो आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणालो, "एक थेंबही गळत नव्हता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पण आता घाबरू नका मिस्त्री, आता काही जळत नाही."